सायकलीवरचे पावडर कोटिंग : घरी काढावे, पण केव्हा आणि कसे?

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या बाजारपेठांमधील सायकल दुरुस्तीचा धंदा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पूर्वी दुकानात येणारी सायकल म्हणजे काळ्या रंगाची, दांडीची, मागे मजबूत कॅरियर असलेली. दूधवाला, भाजीवाला, पोस्टमन, शाळामास्तर, सगळ्यांची तीच. तिचा रंग भट्टीत वाळवलेल्या इनॅमलचा असे. पाच-दहा वर्षांनी रंग उडाला की मिस्त्री पॉलिश पेपर मारून, ब्रशने किंवा गनने नवा रंग देत असे. आता दुकानात मुलांच्या गिअरच्या सायकली येतात, पुण्या-मुंबईहून शिवनेरी, नाणेघाट, माळशेजकडे फिरायला येणाऱ्यांच्या भारी सायकली येतात, आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून उचलून आणलेल्या फ्रेमाही येतात. यांतील पुष्कळशा फ्रेमांवर रंग नसतो, पावडर कोटिंग असते. ते निघता निघत नाही, आणि ते काढण्याच्या खटपटीत आमचे काही कारागीर बांधव अंगावर दुखणे ओढवून घेत आहेत. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. भर पावसाळ्याचे दिवस. एका दुकानात पंचविशीतला मुलगा फ्रेमला पेंट रिमूव्हर लावीत होता. बाहेर पाऊस, म्हणून शटर अर्ध्यावर ओढलेले. तोंडाला रुमाल बांधलेला. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "मामू, डोके जड झालंय, जरा बसतो." मामू जुने मिस्त्री. त्यांनी त्याला बसू दिले नाही. हाताला धरून सरळ पावसात बाहेर काढले. बाहेर येताच त्याला उलटी झाली, पाय लटपटू लागले. दोन तासांनी तो बरा झाला. मामूंना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण एवढे ठाऊक होते की ज्या वासाने डोके जड होते त्या वासात माणसाला बसू देऊ नये. त्या रिमूव्हरविषयी पुढे येईलच. आधी हे कोटिंग आहे तरी काय ते पाहू.

साध्या रंगात रंगद्रव्य आणि राळ थिनरमध्ये विरघळवलेली असते. थिनर उडून जातो आणि थर राहतो. पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतोच. पॉलिएस्टर किंवा इपॉक्सीची कोरडी भुकटी विजेच्या गनमधून फ्रेमवर उडवतात. भुकटीला विजेचा भार असतो, फ्रेम अर्थिंगला जोडलेली असते, त्यामुळे भुकटी लोहचुंबकाला कीस चिकटावा तशी फ्रेमला सर्व बाजूंनी चिकटते. मग फ्रेम भट्टीत जाते. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा ते वीस मिनिटांत भुकटी आधी वितळते आणि मग तिचे कण एकमेकांत असे गुंततात की पुन्हा कधी वितळत नाहीत. मेण वितळते, थिजते, पुन्हा वितळते. हे तसे नाही. हे भाजलेल्या विटेसारखे आहे. वीट एकदा भाजली की तिचा पुन्हा चिखल होत नाही. म्हणूनच साधा थिनर त्याला विरघळवू शकत नाही. थराची जाडी सामान्यतः ६० ते १०० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलीमीटरचा दहावा हिस्सा. पण तेवढ्यासाठी कारागिराचा अख्खा दिवस जातो.

तेव्हा हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, फ्रेम कशाची आहे? साधे लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले तर लोखंड-पोलाद, न चिकटल्यास बहुधा ॲल्युमिनियम. कार्बन फायबरची फ्रेम असेल तर आम्ही म्हणतो हात लावू नका. तिच्यावर सहसा पावडर नसतेच, कारण ती भट्टीची उष्णता सोसत नाही. दुसरी, वरचा थर खरोखर पावडरचा आहे काय? खालच्या बाजूला, न दिसेल अशा जागी, थिनरचा बोळा मिनिटभर दाबून धरावा. रंग बोळ्याला लागला, मऊ झाला किंवा सुरकुतला तर तो साधा रंग आहे. आपली जुनी रीत त्याला पुरेशी आहे. काहीच झाले नाही, फार तर चकाकी किंचित कमी झाली, तर ते पावडर आहे असे समजावे.

आता खरा प्रश्न : ते काढायचे कशासाठी?

गिऱ्हाइकाला केवळ रंग बदलून हवा असेल आणि जुने कोटिंग सगळीकडे घट्ट धरून असेल, तर ते काढण्याची काही गरज नाही. हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण निम्मी मेहनत येथेच वाया जाते. घट्ट बसलेले पावडर कोटिंग हा नव्या रंगासाठी उत्तम अस्तर आहे. फ्रेम साबणाने धुवावी, ग्रीस थिनरने पुसून काढावे, २४० किंवा ३२० नंबरच्या पेपरने चकाकी पूर्ण मारावी, मग प्रायमर आणि रंग. चकाकी राहिली तर मात्र नवा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. दिवसभराचे काम दोन तासांत होते.

एखाद्या सांध्याला डाग द्यायचा असेल किंवा वेल्डिंग करायचे असेल, तर त्या जागेच्या दोन्ही बाजूंना तीन-चार इंच कोटिंग काढले तरी भागते. पावडरवरच टॉर्च धरू नये. जळक्या कोटिंगचा धूर नाकात जातो आणि डागही नीट बसत नाही.

कोटिंगखाली गंज पसरला असेल, फोड आले असतील, ठिकठिकाणी सालपटे निघत असतील, तरच पूर्ण फ्रेम उघडी करण्यात अर्थ आहे. अशा वेळी मालकाने आधी हिशेब मांडावा : माझ्या हाताखालच्या माणसाचा एक दिवस जाणार, पेपर आणि डिस्क जाणार, आणि त्या दिवसात किती पंक्चरी, किती चाकांचे आउट, किती ब्रेकची कामे झाली असती? बऱ्याचदा ती फ्रेम चाकण-भोसरीकडच्या ब्लास्टिंगवाल्याकडे पाठवणे स्वस्त पडते. पुण्या-नाशिकच्या रस्त्याने आपली माणसे रोजच जातात. पाच-सहा फ्रेमा साठवून एका फेरीत धाडता येतात.

तरीही घरी करायचेच असेल, तर पोलादी फ्रेमसाठी आमच्या मते सर्वांत बरा मार्ग हीट गनचा. आम्ही जुन्नरमध्ये एका मित्राच्या पडवीत पोलादी फ्रेमवर हे काम करून पाहिले, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. आधी फ्रेम पूर्ण मोकळी करावी. चिमटा, कटोऱ्या, छर्रे, सीटचा पाइप, पायडलच्या बाजूचा एक्सल, सगळे काढून घ्यावे. उजव्या बाजूच्या कटोरीचे आटे पुष्कळ सायकलींत उलटे असतात हे मिस्त्रींना सांगायला नकोच, पण घरी करणाऱ्याने लक्षात ठेवावे. गन मध्यम उष्णतेवर ठेवून दोन-तीन इंचांचा तुकडाच तापवावा. पावडर वितळणार नाही, पण रबरासारखी मऊ होऊन लोखंडावरची पकड सोडते. त्या क्षणी बोथट पटाशीने किंवा स्क्रॅपरने ती ढकलावी. जमले तर लांब पट्टी निघते. क्षण चुकला आणि थर गार झाला तर पुन्हा दगड. दोन माणसे असतील, एक तापवणारा आणि एक खरवडणारा, तर काम दुप्पट वेगाने होते. आम्हाला सरळ नळ्यांना फारसा वेळ लागला नाही. सगळा वेळ खाल्ला तो सांध्यांनी, ब्रेकच्या खुंट्यांनी आणि मागच्या चाकाच्या खाचांनी. तेथे पटाशी पोहोचत नाही. शेवटी ८० नंबरच्या पेपरच्या पट्ट्या कापून बूट पॉलिश करताना कापड ओढतात तशा मागे-पुढे ओढाव्या लागल्या.

थरातून धूर निघू लागला म्हणजे उष्णता जास्त झाली. तो धूर विषारी असतो. काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करावे. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली किंवा मुले खेळतात तेथे करू नये. रॉकेलचा स्टोव्ह, गॅसचा टॉर्च किंवा लाकडाची भट्टी हा हीट गनला पर्याय नव्हे. ज्योतीने थर जळतो, काजळी बसते, पातळ नळी एका जागी लाल होते आणि मऊ पडते.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मात्र हीट गनही नको. सायकलीच्या ॲल्युमिनियमला कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन मजबुती आणलेली असते. दोनशे अंशांच्या वर बराच वेळ तापले की ती मजबुती उतरू लागते, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. फ्रेम पूर्वीसारखीच दिसते आणि माळशेजच्या उतारावर दगा देते. ॲल्युमिनियमला हाताने पेपर मारणे किंवा काचेच्या मण्यांनी कमी दाबाचे ब्लास्टिंग करून घेणे, हेच दोन मार्ग आहेत.

आता त्या रिमूव्हरकडे वळू. बाजारात जे जेलसारखे, लावताच थंड लागणारे आणि गोडसर वासाचे रिमूव्हर मिळते त्यात बहुधा मिथिलीन क्लोराइड असते. धंद्यात त्याला एमडीसी म्हणतात. पावडर कोटिंग फुगवून उचलण्यात याच्यासारखे दुसरे काही नाही, हे मान्य केले पाहिजे. पण ते सुमारे ४० अंशांलाच उकळते. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात डबा उघडताच त्याची वाफ होते. वाफ हवेपेक्षा जड असते, खोलीत खाली साचते, आणि खाली बसून काम करणाऱ्याच्या नाकाशी राहते. आत गेल्यावर मेंदूला गुंगी आणते. शिवाय शरीरात तिचे कार्बन मोनॉक्साइड बनते. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचा जीव घेतो तोच हा वायू. अमेरिकेत १९८० ते २०१८ या काळात या रसायनाने किमान ८५ माणसे दगावल्याची नोंद आहे. त्यांतील कित्येक जण न्हाणीघरात बसून टबाचा रंग काढणारे कारागीर होते. तेथे २०१९ साली रंग काढण्यासाठी त्याची सामान्य ग्राहकांना विक्री बंद झाली आणि २०२४ साली नियम आणखी कडक झाले. युरोपीय संघाने तर त्याआधीच ते किरकोळ विक्रीतून काढले होते.

तोंडाला बांधलेला रुमाल या वाफेला अडवत नाही. बाजारातला काडतुसाचा मास्कही तिच्यापुढे लवकर हात टेकतो. रबरी किंवा निळे हातमोजे काही मिनिटांत भेदले जातात आणि मग मोज्याच्या आत अडकलेले रसायन कातडी अधिकच जाळते. जवळ ज्योत किंवा तापलेले लोखंड असेल तर वाफेपासून फॉस्जीनसारखा जहरी वायू तयार होतो. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो : आपल्या गाळ्यात हे वापरू नका, आणि शिकाऊ पोराच्या हातात तर देऊच नका. ज्याला हृदयविकार आहे त्याने या वासाच्या जवळपासही फिरकू नये. बेंझाइल अल्कोहोलवर चालणारे रिमूव्हर मिळाले तर ते त्या मानाने बरे. ते सावकाश काम करते, रात्रभर प्लास्टिकने गुंडाळून ठेवावे लागते, आणि प्रत्येक पावडरवर चालतेच असे नाही. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा त्यालाही हवी.

कॉस्टिक सोड्याचा प्रयोगही अनेक जण करतात. जुन्नर हे एके काळी हातकागदाचे ठाणे होते. कागदी कारागीर चुना आणि खार यांच्या पाण्यात चिंध्या-ताग मुरवून लगदा करीत. चुना आणि खार पाण्यात एकत्र आले की जे तयार होते ते कॉस्टिकच. तेव्हा ही वस्तू आपल्या भागाला अगदीच अनोळखी नाही. पण चिंधी वेगळी आणि भाजलेले पॉलिएस्टर वेगळे. थंड कॉस्टिकात फ्रेम दिवसभर बुडवली तरी पावडरला फारसे काही होत नाही. उकळत्या कॉस्टिकात होते, आणि कारखाने तसे करतातही, पण अंगणात उकळत्या कॉस्टिकचा पिंप ठेवणे म्हणजे वेडेपणा होय. एक शिंतोडा डोळा घालवतो. डोळ्यात गेलेच तर वीस मिनिटे तरी सतत पाण्याने धुवावे आणि मग दवाखाना गाठावा. ॲल्युमिनियमची फ्रेम किंवा ॲल्युमिनियमचे पातेले कॉस्टिकात घातले तर धातूच खाल्ला जातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. पाण्यात सोडा टाकावा, सोड्यावर पाणी कधी ओतू नये, हे साबणवाल्यांना माहीतच आहे. तेजाबाचे म्हणाल तर ते गंज खाते, लोखंड खाते, पावडर मात्र तशीच ठेवते.

एक धोका मात्र याहून मोठा आणि धीमा आहे. टायरवाल्याकडे कंप्रेसर असतो, नदीची वाळू हाताशी असते, आणि ब्लास्टिंगची साधी गन सहज मिळते. मग कोणालाही वाटते की आपणच ब्लास्टिंग का करू नये? वाळूचे कण फुटून जी बारीक धूळ होते तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात जाऊन बसली की निघत नाही. सिलिकोसिस होतो, आणि त्यावर इलाज नाही. गुजरातेत खंभातला अकीक घासणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या याच रोगाने गेले. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी वाळूने ब्लास्टिंग करणे बंद केले होते. गार्नेट, स्टीलची ग्रिट, काचेचे मणी ही माध्यमे त्यासाठीच आली. तीही बंद पेटीत आणि योग्य मास्क लावूनच वापरावयाची. ज्या ब्लास्टिंगवाल्याकडे फ्रेम द्याल त्याला एवढे विचारा : माध्यम कोणते, आणि दाब किती? सायकलीची नळी पातळ असते. जड कामाचा दाब तिला लावला तर ती चेपते, पातळ होते.

ग्राइंडरवर वायर ब्रश लावणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे की पावडर तापून ब्रशला चिकटते आणि निघण्याऐवजी पसरते. शिवाय ब्रशच्या तारा सुटून उडतात. चष्म्याशिवाय ग्राइंडर सुरूच करू नये. फ्लॅप डिस्क भराभर काढते, पण पोलादही तितक्याच भराभर काढते. नळीच्या मधल्या भागात धातू आधीच पातळ असतो. जुन्या पिवळ्या-नारिंगी थरात शिशाचे रंगद्रव्य असू शकते, म्हणून ते कोरडे घासू नये. ओल्या पेपरने घासावे, चिखल कापडाने गोळा करावा, कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत धुऊ नयेत. खरवड आणि रसायनाचे पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गटारात सोडू नये. आपली गटारे शेवटी कुकडी, मीना आणि घोड या नद्यांनाच मिळतात.

कोटिंग निघाले की काम संपले असे नाही. उलट तेव्हाच फ्रेमची खरी स्थिती कळते. डोक्याच्या नळीला खालची नळी मिळते तो सांधा, पायडलचा सांधा आणि मागच्या चाकाच्या खाचा, येथे केसासारखी चीर शोधावी. संशय आल्यास जुनी युक्ती करावी. रॉकेल किंवा डिझेल लावून दहा मिनिटे थांबावे, कोरडे पुसून घ्यावे, वर खडूची भुकटी चोळावी. चीर असेल तर आत शिरलेले तेल भुकटीवर ओली रेघ उमटवते. पोलादाला चीर असेल तर जाणता वेल्डर ती भरू शकतो. ॲल्युमिनियमला असेल तर आम्ही ती फ्रेम भंगारात घालू. वेल्डिंगने सांधा जुळतो, पण आजूबाजूच्या धातूची मजबुती परत येत नाही. चीर पुट्टीने बुजवून, वर झगझगीत रंग देऊन सायकल विकणे हा ऐब लपवून माल विकण्याचाच प्रकार आहे. तो आपल्या धंद्यात बसत नाही.

दुसरे असे की पायडलच्या सांध्याखाली फ्रेमचा नंबर ठोकलेला असतो. त्या जागी डिस्क लावू नये, हातानेच हलके घासावे. नंबर गेला की प्रामाणिकपणे विकत घेतलेली फ्रेमही चोरीची दिसू लागते, आणि पोलिसांना उत्तर देताना दुकानदाराची दमछाक होते. जुन्या बाजारातून आणलेल्या फ्रेमची चिठ्ठी आणि कोटिंग काढण्यापूर्वीचा नंबरासह फोटो ठेवून द्यावा.

उघडे पोलाद पावसाळ्यात रात्रभरही टिकत नाही. पश्चिमेकडे, आंबोली-भीमाशंकरच्या बाजूला, हवेतच पाणी असते. सकाळी लख्ख केलेल्या फ्रेमवर संध्याकाळी तांबूस झाक दिसते. म्हणून थिनरने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेटचा प्रायमर मारावा. उघड्या हाताचा घामही गंजाला पुरतो, म्हणून स्वच्छ मोजे घालून फ्रेम धरावी. पुन्हा पावडरच करून घ्यायची असेल तर मात्र साधा प्रायमर आणि पुट्टी अजिबात लावू नये. दोनशे अंशांच्या भट्टीत साधी पुट्टी फुगते, फुटते आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. अशी फ्रेम तेलाचा हलका हात देऊन, कागदात गुंडाळून पाठवावी आणि कोटिंगवाल्याला तेल लावल्याचे सांगावे. आट्यांमध्ये, कटोऱ्यांच्या बैठकीत आणि सीटच्या पाइपमध्ये पावडर जाऊ नये म्हणून त्या जागा झाकायला त्याच्याकडून कबूल करून घ्यावे. नाहीतर फ्रेम घरी आल्यावर पेपरचा तुकडा घेऊन पुन्हा तेच काम आपल्याच मिस्त्रीला करावे लागते.